बनियनच्या आतली गोष्ट

मे महिन्यात अकोटला जाणं म्हणजे स्वतःहून तव्यावर जाऊन बसणं. पण मागच्या वर्षी एक असाइनमेंट ऐन वेळी रद्द झाली, पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचं पाणी आठवडाभर गेलं आणि मी महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून सरळ अकोला गाठलं. तिथून पुढे 45 किलोमीटर. लहानपणीची मीटरगेजची गाडी कधीच गेली. ब्रॉडगेजवरची पॅसेंजर 2022 च्या नोव्हेंबरात सुरू झाली, पण तिचं आणि माझं टायमिंग जुळलं नाही. एसटीच्या खिडकीतून गरम वारा खात, तोंडाला रुमाल बांधून मी दुपारी 2 वाजता घरी पोचलो.

उन्हाळ्यात अकोटच्या पुरुषांचा एक ड्रेसकोड असतो. वर सँडो बनियन, खाली पट्ट्यापट्ट्याचा पायजमा. संध्याकाळी 7 नंतर गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर हाच युनिफॉर्म दिसेल. कापसाचा व्यापारी असो की रिटायर्ड हेडमास्तर, पारा 45 ला टेकला की सगळे सारखेच. पुष्कळजण तर बनियनच्याही भानगडीत पडत नाहीत, उघड्या अंगावर दुपट्टा टाकला की झालं.

माझे बाबा याच पंथातले. 63 वर्षांचे, जन्मभर मास्तरकी केलेले. उन्हाळ्यात भल्या सकाळी पोपटखेड रोडला मित्राच्या संत्र्याच्या बगीच्यात जायचं, विहिरीवरची मोटर सुरू करायची आणि हौदात पडणाऱ्या धारेखाली चार-पाच म्हाताऱ्यांनी अर्धा तास बसायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, तरी हा नेम चुकला नव्हता.

तर त्या दुपारी दार उघडलं तेव्हा बाबा फुल शर्टात होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेली. शर्टाच्या आत बंडी, बंडीच्या आत बनियन आणि वरून दुपट्टा असा पसरलेला, की छाती पूर्ण झाकली जावी. कूलरसमोर बसून घाम पुसत होते.

‘‘बाबा, कुठं निघालात का?’’

‘‘नाही. काहून?’’

‘‘शर्ट घातलाय म्हणून विचारलं.’’

‘‘असाच घातला,’’ म्हणाले आणि पेपर वर धरला. पेपर उलटा नव्हता एवढंच!

आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती म्हणाली, ‘‘दिवाळीपासून असंच चालू हाये बाप्पा. बगीच्यातबी जात नाईत. आंघोळीले गेले की आतून कडी, अन् बाहेर येताना शर्ट घालूनच. मले काई सांगत नाईत. तुह्या बाबाले तूच इचार.’’

मी काही विचारलं नाही. खरं सांगतो, माझ्या डोक्यात आलं की वय झालं, थोडा विक्षिप्तपणा येणारच. मी पत्रकार आहे, गेली चार-पाच वर्षं याच प्रकारच्या मासिकांमधून स्किन केअरपासून ऑफिस रोमान्सपर्यंत वाट्टेल त्या विषयावर लिहितो, दुसऱ्यांना बोलतं करणं हा माझा धंदा. पण बापाला ‘तुम्ही उघडे का बसत नाही?’ असं कसं विचारतात, ते मास कॉमच्या सिलॅबसमध्ये नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला दिसली होती, पण कळली नाही. रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या तेव्हा बाबांनी डोक्याखाली तीन उशा घेतल्या. एरवी ते एकच घेतात. मी शर्टाचा विचार करत झोपलो, उशांचा केलाच नाही.

रात्री 3 वाजता आईच्या हाकेने जाग आली. बाबा कठड्याला टेकून बसले होते आणि लोहाराच्या भात्यासारखा श्वास चालू होता. पावलं सुजून टम्म. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि अकोल्याला हलवा म्हणाले. शेजारच्या काकांनी गाडी काढली. त्या रात्री ते 45 किलोमीटर मला पुणे-अकोला अंतरापेक्षा मोठे वाटले.

लघवीची गोळी

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत श्वास बराच खाली आला. हार्ट फेल्युअर. म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, आपल्याकडे हा शब्द ऐकून लोक उगाच रडायला लागतात. हृदयाची पंप करायची ताकद कमी झालेली असते, मग पाणी फुप्फुसात आणि पायात साचतं. आडवं झालं की जास्त दम लागतो, म्हणून माणूस उशा वाढवत जातो. तीन उशांचा अर्थ मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये समजला.

हृदयरोगतज्ज्ञ तरुण होते, माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठे. त्यांनी गोळ्यांची पिशवी मागितली. आईने गव्हाच्या पिठाच्या जुन्या पिशवीतून पाच पाकिटं काढून टेबलावर मांडली. चार अर्धी संपलेली, पाचवं अख्खं.

‘‘काका, ही गोळी घेत नाही का तुम्ही?’’

बाबा गप्प.

‘‘कधीपासून बंद केली?’’

‘‘गुढीपाडव्यापासून.’’

‘‘का बरं?’’

बाबांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाले, ‘‘यायले जरा बाहेर पाठवा.’’

मी आणि आई बाहेर. पडद्याआड दहा मिनिटं गेली. आई पदराचं टोक पिळत होती, तिच्या मनात काय काय आलं असेल देव जाणे. मग डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं आणि बाबांच्या परवानगीने सांगितलं. बाबा तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

ज्या गोळीला आपल्याकडे सगळे ‘लघवीची गोळी’ म्हणतात, ती बाबांच्या बाबतीत एका गोळीत दोन औषधं होती. एक टॉर्सेमाइड, अंगातलं जास्तीचं पाणी काढणारं. दुसरं स्पायरोनोलॅक्टोन, हेही पाण्यावर काम करतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कमजोर हृदयाला सांभाळतं. या स्पायरोनोलॅक्टोनची एक खोड आहे. ते शरीरातल्या पुरुषी हार्मोनच्या कामात अडथळा आणतं. त्यामुळे काही पुरुषांना छातीत गाठ येते, दुखते, स्तन वाढतात. बाबांना नेमकं तेच झालं होतं. डाव्या बाजूला बोराएवढी, उजव्या बाजूला लिंबाएवढी.

या प्रकाराला गायनेकोमास्टिया म्हणतात. ग्रीक शब्द. बाई आणि स्तन या दोन शब्दांची जोडणी. हे नाव ज्याने ठेवलं त्याने जगातल्या तमाम पुरुषांची पंचाईत करून ठेवली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कसं, ते पुढे कळेलच.

हे काही लाखात एखाद्याला होणारं नाही. 1999 साली ‘राल्स’ नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. गंभीर हार्ट फेल्युअरचे 1663 पेशंट, निम्म्यांना स्पायरोनोलॅक्टोन, निम्म्यांना नुसती दिसायला गोळी. औषध घेणाऱ्यांमधले मृत्यू 30 टक्क्यांनी कमी झाले, म्हणून तर जगभरचे डॉक्टर ही गोळी लिहायला लागले. पण त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या पुरुषांपैकी 10 टक्क्यांना छातीत वाढ किंवा दुखणं सुरू झालं. दुसऱ्या गटात हे प्रमाण होतं 1 टक्का.

दहातला एक! म्हणजे बाबांच्या बगीच्यातल्या कंपूतले सगळे ही गोळी खायला लागले तर दोन वर्षांत कोणाच्या तरी बनियनच्या आत हीच गोष्ट सुरू होऊ शकते. तरीही ज्यांनी ही गोळी पहिल्यांदा लिहून दिली, त्यांनी बाबांना एका वाक्यानेही सांगितलं नव्हतं. त्यांच्या बाहेर बसलेली गर्दी मी पाहिलेली आहे, त्यामुळे मला राग येतो आणि पूर्ण येतही नाही.

डिक्शनरीत नसलेला शब्द

डिस्चार्जनंतर बाबांनी मला स्वतःहून सांगितलं. एका दमात नाही. अर्धं गाडीत, अर्धं दोन दिवसांनी संध्याकाळी ओट्यावर.

गणपतीच्या सुमारास आंघोळ करताना हाताला गाठ लागली. पहिली शंका कॅन्सरची. त्यांच्या सख्ख्या मोठ्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, स्तनाचा कॅन्सर झाला होता. ‘‘आक्काची गाठ अशीच लागली होती हाताले,’’ ते म्हणाले. पण पुरुषाला तसं होतं का, हे विचारायचं कोणाला? आईला सांगितलं तर ती रडणार. मला सांगितलं तर मी पुण्याहून धावत येणार. गावातल्या डॉक्टरांचा कंपाउंडर बाबांचा विद्यार्थी. त्याच्यासमोर शर्ट काढायचा? शक्यच नाही.

दुसरी बाजूही वाढायला लागल्यावर मात्र त्यांच्यातला मास्तर जागा झाला. दोन्हीकडे होतंय म्हणजे कारण आत कुठेतरी असणार. खाण्यात बदल नाही, मग राहिल्या गोळ्या. मेडिकलवाल्या पोराकडून त्यांनी प्रत्येक गोळीच्या खोक्यातला तो मुंगीच्या अक्षरातला कागद मागून घेतला. हाती भिंग आणि शाळेतून रिटायर होताना मिळालेली जाडजूड इंग्रजी-मराठी डिक्शनरी. चार रात्री हा उद्योग चालला, आणि आईला वाटत होतं हे ज्ञानेश्वरी वाचताहेत.

एका कागदावर साइड इफेक्टच्या यादीत एक शब्द सापडला, जो डिक्शनरीत नव्हताच.

‘‘मंग कसं कळलं तुम्हाला?’’

‘‘सुरुवातीची अक्षरं ओळखीची वाटली. बाजारात बायकायच्या डॉक्टरची पाटी नाही का, गायनॅक अमुक तमुक. तेच स्पेलिंग.’’ थोडा वेळ थांबून म्हणाले, ‘‘म्हटलं, आता काय राहिलं?’’

गोळी त्या रात्रीच बंद केली. कोणाला सांगितलं नाही. गोळीत दुसरंही औषध आहे, ते थांबलं की पाणी साचेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढचे काही आठवडे छातीचं दुखणं कमी झालं, म्हणून ते खूशही होते. पाय सुजायला लागले तेव्हा वाटलं उन्हाने असेल.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मी आठवीत असताना माझ्या छातीत अशीच गाठ आली होती. तेव्हा मला वाटलं फक्त मलाच. (वयात येणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना हे कमीजास्त प्रमाणात होतं आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं, हे मला पंधरा वर्षांनी वाचून कळलं.) पीटीच्या तासाला पोट्टे जे बोलायचे ते इथे छापण्यासारखं नाही. मी बाबांना सांगितलं होतं. त्यांनी शर्ट वर करून पाहिलं, म्हणाले, ‘‘जाईन आपोआप. तिकडे लक्ष देऊ नको, अभ्यास कर.’’ खरंच गेलं. पण दीड वर्ष मी शाळेत पाठीला कुबड आणून चालत होतो. ओट्यावर हे बोलायला माझ्या तोंडावर आलं होतं. बोललो नाही. बाबाच म्हणाले, ‘‘तुलेबी झालं होतं ना आठवीत. मले आठवलं होतं तवा.’’

नेमकं होतं काय?

जरा सायन्स. घाबरू नका, लवकर आटोपतो.

पुरुषाच्या छातीतही थोडी स्तनग्रंथी असते, फक्त ती झोपलेली असते. टेस्टोस्टेरॉन तिला झोपवून ठेवतं, इस्ट्रोजेन जागं करतं. आणि हो, इस्ट्रोजेन पुरुषांच्याही अंगात असतं. या दोघांचा तोल इस्ट्रोजेनच्या बाजूला झुकला की ग्रंथी वाढते. हे आयुष्यात तीनदा होण्याची शक्यता जास्त. जन्मल्याबरोबर, कारण आईचे हार्मोन बाळात आलेले असतात. मग तेरा-चौदाव्या वर्षी. आणि मग पन्नाशी ते ऐंशीच्या दरम्यान, जेव्हा टेस्टोस्टेरॉन उतरतं, अंगावर चरबी चढते आणि ही चरबीच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन बनवायला लागते. त्यात याच वयात गोळ्यांचा डबा भरायला लागतो.

नुसती चरबी साचून छाती मोठी दिसते तो प्रकार वेगळा. तिथे बोटाला गाठ लागत नाही, सगळं मऊ असतं. खऱ्या गायनेकोमास्टियात निपलच्या बरोबर खाली रबरासारखी चकती लागते. जिममध्ये कितीही बेंच प्रेस मारा, ही चकती वितळत नाही.

गोळ्यांची यादी मोठी आहे. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरची बायकाल्युटामाइड. अ‍ॅसिडिटीची जुनी सिमेटिडीन. बुरशीवरची किटोकोनाझोल पोटात घेतली तर. काही मानसोपचाराची औषधं, त्यातलं रिस्पेरिडोन तर कोर्टात गेलं. लहानपणी हे औषध घेतल्यामुळे स्तन वाढले म्हणून एका अमेरिकन तरुणाने जॉन्सन अँड जॉन्सनवर दावा लावला आणि 2019 च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या ज्युरीने त्याला तब्बल 8 अब्ज डॉलरचा दंड मंजूर केला. पुढच्या जानेवारीत न्यायाधीशांनी तो 68 लाख डॉलरवर आणला, ती गोष्ट निराळी.

आणि तुम्ही, हो तुम्हीच, जे तिशीच्या आत केस गळतात म्हणून फिनास्टेराइड घेताय. प्रमाण कमी आहे, घाबरून जाऊ नका, पण छातीत दुखायला लागलं तर डर्मॅटॉलॉजिस्टला सांगा. जिममधल्या कोणी ‘सायकल मार, महिन्यात फरक’ म्हणून इंजेक्शन दिलं असेल, तर त्याचंही हेच. बाहेरून भरमसाट टेस्टोस्टेरॉन टाकलं की शरीर त्यातलं काही इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. बायसेप्स मोठे होतात आणि सोबत हेही. जिममध्ये याला नुसतं ‘गायनो’ म्हणतात.

गोळीशिवायची कारणंही आहेत. दारूने खराब झालेलं लिव्हर, किडनी निकामी होणं, थायरॉइड वाढणं, क्वचित अंडकोषातली गाठ. म्हणून तरुण माणसाची तपासणी करताना डॉक्टर खालीही तपासतात, तेव्हा लाजू नये. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांमध्ये उपाशी राहिलेले सैनिक सुटल्यावर पोटभर जेवायला लागले, तेव्हा त्यातल्या काहींची छाती वाढली, कारण बंद पडलेलं हार्मोनचं यंत्र पुन्हा सुरू होताना असा तोल जातो. 2008 साली अमेरिकेत 60 वर्षांच्या एका गृहस्थाची केस छापून आली. महाशय रोज जवळजवळ तीन लिटर सोया मिल्क पीत होते. बंद केलं, बरं वाटलं. आमच्याकडे वऱ्हाडात सोयाबीन ढिगाने पिकतं, पण तीन लिटर दूध कोणी पीत नाही, त्यामुळे तिकडची काळजी नको. पुष्कळांमध्ये तर सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही.

‘पेशंट कोण?’

आत्याचा कॅन्सर ऐकल्यावर डॉक्टरांनी मॅमोग्राफी करून घ्या म्हटलं. पुरुषांना स्तनाचा कॅन्सर होतो. एकूण स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो 1 टक्क्याच्या आसपास, बहुतेक साठीच्या आगेमागे. ‘शाफ्ट’ सिनेमाचा हिरो रिचर्ड राउंडट्री याला 1993 मध्ये झाला होता आणि त्यानंतर तो आणखी 30 वर्षं जगला. गायिका बियॉन्सेच्या वडिलांनी 2019 मध्ये आपल्याला झाल्याचं जाहीर सांगितलं. गाठ एकाच बाजूला, दगडासारखी कडक, निपलच्या खाली नसून बाजूला, वरची कातडी ओढल्यासारखी, निपल आत गेलेलं किंवा त्यातून रक्त. यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. बाबांचं तसं काही नव्हतं, पण घरात इतिहास असल्यामुळे खात्री हवी होती.

सेंटरवर गेलो. बाहेर गुलाबी पोस्टर, आत वीसेक बायका, आणि मध्ये आम्ही तिघं. रिसेप्शनवरच्या मुलीने आईचं नाव विचारलं.

‘‘पेशंट हे आहेत,’’ मी म्हणालो.

तिने कागद पाहिला, बाबांना पाहिलं, परत कागद पाहिला. फॉर्मवर ‘शेवटची पाळी’ हा रकाना होता. तिने पेनाने त्यावर आडवी रेघ मारली, तेवढा आवाज मला ऐकू आला. बाबा दुपट्टा आवळून कोपऱ्यात उभे राहिले. तेवढ्यात बाकावरची एक बाई, आईच्याच वयाची, नऊवारीतली, जरा सरकली आणि म्हणाली, ‘‘बसा ना भाऊ. उभे काहून? नंबर यायले लय वेळ हाये.’’ बाबा बसले. मग त्या दोघांचं यंदा तुरीला काय भाव मिळाला यावर अर्धा तास चाललं. तिच्या डाव्या हाताला सूज होती. ऑपरेशननंतर येते तशी. बाबांच्या बहिणीलाही यायची.

रिपोर्ट चांगला आला. ग्रंथीची वाढ, संशयास्पद काही नाही. बाबांनी घडी घालून खिशात ठेवला आणि परतीच्या वाटेवर उसाचा रस पाजला. बर्फ टाकून, डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असताना!

मग उपाय काय?

बाबांच्या बाबतीत सोपा निघाला. स्पायरोनोलॅक्टोनऐवजी एप्लेरेनोन. काम साधारण तेच, पण ते हार्मोनच्या वाटेला फारसं जात नाही. 2003 मध्ये हार्ट अटॅकनंतरच्या पेशंटवर त्याची मोठी चाचणी झाली, तिथे छाती वाढण्याचं प्रमाण नुसत्या दिसायच्या गोळीपेक्षा जास्त निघालं नाही. महाग आहे, आणि रक्तातलं पोटॅशियम अधूनमधून तपासावं लागतं. पाण्याची गोळी वेगळी. म्हणजे एका गोळीच्या दोन झाल्या, आणि बाबांनी त्या पहाटे तीन वाजता गच्चीवर जे काढलं ते वाचलं असतं. डॉक्टरांना नुसतं ‘दुखतंय’ म्हणायला हवं होतं.

वेळेचं गणित इथे महत्त्वाचं. वाढ नवीन असते तोवर ग्रंथी मऊ असते, कारण काढलं की काही महिन्यांत उतरते. वर्षभर तशीच राहिली की आत तंतू तयार होतात आणि मग औषध थांबवलं तरी पूर्ण जात नाही. सुरुवातीच्या काळात काही डॉक्टर टॅमॉक्सिफेन देतात, तेच औषध जे आत्याला होतं. त्यानंतर उरते सर्जरी. निपलभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने छेद घेऊन ग्रंथी काढतात, सोबत चरबी असेल तर लायपोसक्शन. व्रण सहसा दिसत नाही. पण रक्त साचणं, निपल आत ओढलं जाणं, बधिरपणा हे होऊ शकतं, जाहिरातीत ते छोट्या अक्षरात असतं. विमा कंपन्या पुष्कळदा हे ऑपरेशन कॉस्मेटिक म्हणून नाकारतात, तेव्हा आधी विचारून घ्या. ज्यांचं हृदय बाबांसारखं आहे त्यांना भूल देणंच जोखमीचं. डॉक्टरांनी विषय काढला, तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘मले काय आता हिरो व्हायचं हाये?’’

तरुणांना मात्र व्हायचं असतं. अकोटला पहाटे 5 वाजता मैदानावर जा, पोलिस आणि मिलिटरी भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतील. लष्कराच्या आणि निमलष्करी दलांच्या मेडिकलमध्ये गायनेकोमास्टिया सापडला तर पोरगा अनफिट ठरू शकतो. माझ्या ओळखीच्या एकाच्या घरी एक एकरातला कापूस विकून ऑपरेशन केलं. तो गावात सांगतो अपेंडिक्सचं झालं.

जे ऑपरेशन करू शकत नाहीत किंवा इच्छित नाहीत, ते काय करतात? घट्ट कॉम्प्रेशन बनियन मिळतं. पुण्याच्या एसीत ठीक आहे, अकोटच्या मेमध्ये घामोळं हमखास. गडद रंगाचे, जरा जाड कापडाचे शर्ट, खिसे दोन्ही बाजूंना असलेले. बाबांनी हे सगळं कोणी न सांगता शोधून काढलं होतं. दोन्ही खिशांचे तीन शर्ट त्यांनी शिंप्याकडून शिवून घेतले होते, दोन्ही खिशांत डायऱ्या ठेवायचे. आईला वाटायचं, रिटायर झाल्यावर एवढं काय लिहितात.

दिवाळीला मी परत गेलो. डावी बाजू जवळपास सपाट. उजवीकडे अजून सुपारीएवढं राहिलं आहे आणि आता ते राहणार असं डॉक्टर म्हणाले. दुखत नाही. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. उशी एक.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, ‘‘चाल, बगीच्यात जाऊन येऊ.’’ मी त्यांना बाइकवर घेऊन गेलो. सातपुडा धुक्यात होता, हौदाचं पाणी कोमट. म्हातारे आधीच बसले होते. बाबांनी शर्ट काढला, बंडी काढली, बनियनपाशी हात थांबला. बनियनसकट उतरले.

‘‘मास्तर, वर्षभरानं आले अन् बनियन घालून आंघोळ करून रायले?’’ बगीच्याचे मालक म्हणाले.

बाबा धारेखाली गेले. डोकं भिजवलं. आणि वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलतात तसं, कोणाकडे न बघता म्हणाले, ‘‘हार्टच्या गोळीनं छाती सुजली होती माही. बायकायसारखी. आता गोळी बदलली.’’

कोणी हसलं नाही. मोटरचा आवाज तेवढा चालू होता. कोणीतरी कापसाच्या भावाचा विषय काढला आणि गाडी तिकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कंपूतले एक काका आमच्या घरी आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, उठायचं नाव नाही. आई आत गेली तसं त्यांनी खिशातून पेपरात गुंडाळलेलं एक पाकीट काढलं आणि हळूच बाबांपुढे सरकवलं.

‘‘मास्तर, ही माही प्रोस्टेटची गोळी. जरा वाचून पाहा ना तुमच्या त्या भिंगानं.’’